सिद्धेश्वरच्या पाण्यावर माशीचा गळ

ट्राउट हा मासा हिंगोली जिल्ह्यात नाही आणि होणारही नाही. त्याला थंड, वाहतं आणि प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्याची भूक मंदावते आणि पंचविशीच्या आसपास त्याच्या जिवावर बेततं. १० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. आपल्या पूर्णेचं आणि कयाधूचं पाणी एप्रिल-मे महिन्यांत किती तापतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पण ट्राउटसाठी जी कला जगभर शिकली जाते, म्हणजे दोऱ्या-पिसांची माशी बांधून ती लांब दोरीने अलगद पाण्यावर उतरवायची, ती कला सिद्धेश्वरच्या जलाशयावर चालते. चांगली चालते. एखाद्या मित्राला सोबत घेऊन ज्यांना सकाळी पाण्याकाठी उभं राहावंसं वाटतं, त्यांनी ती इथेच शिकायला घ्यावी, असं मी आग्रहाने सांगेन.

आपल्याकडच्या गळात आणि या गळात मूळ फरक वजनाचा आहे. एरवी आपण गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतो, तंगुसाला शिसं बांधतो आणि त्या शिशाच्या जोरावर गळ लांब जातो. फ्लाय फिशिंगमध्ये माशी जवळजवळ बिनवजनाची असते. वजन असतं ते दोरीला. पाच नंबरच्या फ्लाय लाइनचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात आणि काठीच्या लवचिकपणामुळे हेच ९ ग्रॅम हवेत उलगडत जातात. दोरी जाते आणि तिच्यामागे माशी जाते. एवढं नीट समजलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप सुचतात: जोर का लावायचा नाही, मागे का थांबायचं, दोरी रंगीत आणि जाड का असते.

इंग्रज अधिकारी हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांनाही मैदानी नद्यांत ट्राउट सापडला नव्हता. त्यांनी काठ्या गुंडाळून ठेवल्या नाहीत, इथले मासे शिकून घेतले. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याचं ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ साली निघालं. महसीरापासून बारीकसारीक माशांपर्यंत कशाला काय लावावं, याचा विचार त्यात आहे. त्याच्याही आधी कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतल्या खडशी माशाचं शास्त्रीय वर्णन करून ठेवलं होतं. आज त्याला दख्खनी महसीर म्हणतात आणि लोणावळ्याला टाटांच्या वळवण केंद्रात अनेक दशकं त्याची पैदास होत आली आहे. तात्पर्य, काठी परदेशी असली तरी तिला मासा स्थानिकच शोधावा लागतो.

आपल्या जिल्ह्यात आधी सिद्धेश्वर बघावं. पूर्णा नदीवर वरच्या बाजूला परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात येलदरी आणि तिच्या खाली औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर, अशी ही जोडधरणं १९६८ सालची. पैनगंगेवरचं इसापूर त्यांच्यानंतर झालं. इसापूरचं पाणी मोठं आणि देखणं आहे, पण त्याचा काही भाग पक्षी अभयारण्यात येतो. तिथे वनविभागाला विचारल्याशिवाय काठी उघडू नये. कयाधू पावसाळ्यानंतर लवकर आटते, डोहांपुरती उरते. नरसीला नामदेव महाराजांच्या घाटाजवळ किंवा कुठल्याही देवस्थानाच्या पाण्यात गळ टाकू नये, हे वेगळं सांगायची वेळ येऊ नये.

परवानगीचं काम टाळू नका. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्था पैसे मोजून रोहू, कटला, मृगळाची बोटुकली सोडते आणि भोई समाजाची कितीतरी घरं त्यावर चालतात. तुम्ही हौसेने जाणार, त्यांचं ते पोट आहे. म्हणून आदल्या दिवशी संस्थेच्या लोकांना भेटा, काठी दाखवा, काय करणार ते सांगा, फी असेल तर भरून पावती घ्या. ठेका कोणाकडे आहे ते कळत नसेल तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. या भेटीचा आणखी एक फायदा होतो. थर्माकोलच्या तराफ्यावरून रोज जाळी लावणाऱ्या माणसाला पाण्याची जी माहिती असते, ती कुठल्या पुस्तकात नसते. “काका, आज पाणी कसं हाय?” एवढं विचारलं की, “रातचं वरून सोडलंय, वाढायलंय, त्या खालच्या अंगाला जाऊ नका,” असं नेमकं उत्तर मिळतं.

आता मित्राविषयी. दोघांनी दोन काठ्या घेऊन शंभर पावलांवर उभं राहण्यापेक्षा सुरुवातीला दोघांत एकच काठी ठेवा. खर्च निम्मा होतो हे खरं, पण मुख्य कारण वेगळं आहे. काठी हातात असलेल्याचं लक्ष दोरीवर असतं. त्याला आपली मागची फेक किती खाली गेली ते दिसत नाही, पाठीमागची बाभूळ दिसत नाही, आणि डावीकडे उथळ पाण्यात मासा वळला तेही दिसत नाही. हे सगळं दुसऱ्याने बघायचं. त्याने फेकणाऱ्याच्या दोरीच्या हाताकडे, पण मागे न राहता थोडं बाजूला आणि उंचावर उभं राहावं, म्हणजे माशीच्या वाटेत डोकं येत नाही. ठरावीक वेळाने किंवा एक मासा लागला की काठी बदलायची. “थांब, मागं दोरी उलगडू दे,” हे वाक्य मित्राने चार वेळा म्हटलं की हात जितका लवकर सुधारतो, तितका व्हिडिओ बघून सुधारत नाही. माझा अनुभव असा आहे की काठी नसलेली पाळीच जास्त शिकवते, कारण पाणी तेव्हा नीट दिसतं.

सामान थोडंच लागतं. नऊ फुटांची, चार तुकड्यांत मोडणारी पाच नंबरची काठी, त्याच नंबरची तरंगती दोरी, आणि ती मावेल असं साधं रील. दोरीच्या टोकाला नऊ फुटांचा निमुळता तंगूस, म्हणजे लीडर, आणि त्याच्या पुढे माशी बांधायला चार-पाच पौंडी पातळ तुकडा, म्हणजे टिपेट. काठी, दोरी आणि रील यांचा नंबर एकच असला पाहिजे. स्वस्तात मिळते म्हणून आठ नंबरची दोरी पाच नंबरच्या काठीला लावली तर दोन्ही निकामी वाटतात आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो. पोलराइज्ड चष्मा मात्र घ्याच. तो पाण्यावरची चकाकी काढून तळ दाखवतो, आणि डोळ्यांचं रक्षण करतो. चष्म्याशिवाय दोघांपैकी कोणीही काठीजवळ थांबू नये. टोपी, लांब बाह्यांचा शर्ट, एक पकड, एक छोटी कात्री, पाण्याची बाटली. डासांसाठी मलम लावत असाल तर हात धुऊनच दोरीला हात लावा. अशा मलमांतलं डीट हे रसायन दोरीचं प्लॅस्टिकचं आवरण खराब करतं.

माशा विकतही मिळतात, पण बांधून बघा. जगभर या कामासाठी कोंबड्याच्या मानेवरची लांब, अरुंद, चिवट पिसं वापरतात आणि त्यांच्यासाठी खास कोंबडे पाळले जातात. आपल्याकडे गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं मटणाच्या दुकानामागे फेकली जातात. ती मागून आणा, साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा आणि डांबरगोळीसोबत डब्यात ठेवा. १० ते १४ नंबरचा गळ छोट्या शिकंज्यात धरायचा, शिवणाचा काळा दोरा गुंडाळायचा, अंगाला हिरवी किंवा तपकिरी लोकर द्यायची आणि मानेशी एका पिसाचे दोन-तीन वेढे. पाण्यात चतुराची अळी असते, तिचा आकार आणि रंग जवळपास असाच असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात काठावरच्या गवतातून नाकतोडे उडून पाण्यात पडतात. त्यांच्यासाठी चपलेच्या फोमची पट्टी कापून तरंगता नाकतोडा करता येतो. गळाचा उलटा काटा मात्र बांधण्याआधीच पकडीने दाबून सपाट करा. मासा त्याने फारसा सुटत नाही, पण स्वतःच्या बोटात गळ शिरला तर तो सरळ बाहेर येतो.

वेळेच्या बाबतीत ट्राउटची पुस्तकं उलटी वाचावी लागतात. ट्राउटवाला थंडावा शोधतो, आपल्याला ऊब शोधायची असते. आपला पहिला मासा तिलापिया, ज्याला बरेच जण चिलापी म्हणतात. हा मूळचा आफ्रिकेचा, १९५२ साली भारतात आणलेला, आणि आता जवळजवळ प्रत्येक तलावात पसरलेला. पाणी थंड असताना तो सुस्त असतो. डिसेंबरात हिंगोलीकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, पण त्या वेळी फेकत राहून हात गारठवण्यात अर्थ नाही. सातपर्यंत पोहोचा, जागा बघा, काठी जोडा, गाठी मारा, चहा घ्या. उथळ पाण्यावर तासभर ऊन पडलं की आठ-साडेआठपासून मासा काठाला सरकतो, आणि साडेदहाच्या सुमारास वारा उठेपर्यंत उत्तम वेळ असतो. फेब्रुवारीच्या शेवटापासून हिशोब बदलतो. मार्च-एप्रिलमध्ये उजाडताना सुरू करून उन्हं तापायच्या आत आवरा. जुलै-ऑगस्ट सोडून द्या. तो कार्प माशांच्या विणीचा काळ असतो, पाणी गढूळ असतं आणि धरणाची दारं कधीही उघडू शकतात.

फेकायला पाण्यावर जाऊन शिकू नका. शाळेचं मैदान किंवा मोकळं खळं बघा आणि माशीऐवजी लोकरीचा तुकडा बांधा. काठीपुढे दोन काठ्यांइतकी दोरी बाहेर काढा. मनगट मोडायचं नाही. काम कोपरापासून पुढच्या हाताचं. काठी सावकाश उचलायला लागा, वेग वाढवत न्या आणि ती डोक्याच्या जरा मागे गेली की झटक्यात थांबवा. हा थांबाच सगळं आहे. काठी थांबली की दोरी तिच्यावरून मागे उलगडायला लागते. ती पूर्ण सरळ होईपर्यंत वाट बघा, मान वळवून बघितलं तरी चालेल, आणि मग तसाच वेग वाढवत पुढे आणून डोळ्यांच्या उंचीच्या वर थांबवा. मागे आसुडासारखा कडाका ऐकू आला तर घाई झाली, माशी तुटून गेली असेल. दोरी मागे जमिनीला टेकली तर उशीर झाला किंवा काठी फार मागे गेली. आपल्याला ४० फुटांपेक्षा जास्त कधीच लागत नाही. ज्या काठावर मागे बाभळी किंवा चढ असेल तिथे मागची फेक टाळून रोल कास्ट शिका: दोरी पाण्यावरून हळू ओढत काठी कानाशी आणायची, क्षणभर थांबायचं आणि पुढे झटका द्यायचा. दोरी पाण्यावरून गुंडाळत पुढे जाते. सिद्धेश्वरच्या काठांवर हीच फेक जास्त उपयोगी पडते.

जागा निवडताना खोल पाण्याकडे बघत बसू नका. रब्बीसाठी कालवे सुटले की पाणी हळूहळू खाली जातं आणि गाळपेराच्या जमिनीला लागून गुडघाभर ते कमरेइतक्या पाण्याची पट्टी तयार होते. चष्म्यातून तिथे तळावर ताटाएवढे गोल खड्डे दिसले तर ती तिलापियाच्या नरांची घरटी. मादी अंडी तोंडात धरून दुसरीकडे जाते, नर खड्डा राखत राहतो. बेशरमीच्या झुडपांच्या सावलीची कड, बुडालेल्या बाभळीचा बुंधा, आणि जिथे छोटा ओढा येऊन मिळतो ती गढूळ-नितळ पाण्याची सीमा, या तीन जागा कधी सोडू नका. माशी घरट्याच्या पलीकडे दोन हात टाका, बुडू द्या, आणि दोरी बोटाखाली धरून वीत-वीत ओढा, मध्ये मध्ये थांबा. तिलापिया झडप घालत नाही. तो तोंडात घेऊन थुंकतो. हाताला काही जाणवायच्या आत दोरीचं टोक किंचित सरकतं किंवा थबकतं, आणि ते बघायला दुसरा माणूस असावा लागतो. त्याने “घे!” म्हटलं की काठी वर उचलू नका. काठी पाण्याकडेच रोखलेली ठेवून डाव्या हाताने दोरी ओढा. मासा नसला तरी माशी तिथेच राहते आणि दुसरी संधी मिळते.

हात बसल्यावर मरळ करून बघावीशी वाटेल. तिला आठ नंबरची काठी, २० पौंडी जाड टोक आणि फोमचा बेडूक लागतो. मरळ हवेतून श्वास घेते, म्हणून ती वर येऊन हवा गिळते आणि तिथे पाण्यावर वर्तुळ उमटतं. त्या वर्तुळाच्या पुढे बेडूक टाकायचा. पण एक गोष्ट जिव्हाळ्याने सांगतो. पाण्यावर लालसर बारीक पिल्लांचा पुंजका हलताना दिसला तर काठी खाली ठेवा. त्यांच्या खाली आई-बाप राखणीला असतात आणि त्या वेळी ते कशावरही तुटून पडतात. अशी मरळ धरणं फार सोपं असतं, आणि ती धरली की दुसरे मासे तो पुंजका थोड्या वेळात संपवतात.

धोक्यांकडे वळतो, कारण इथले धोके परदेशी पुस्तकांत सापडणार नाहीत. पहिला, विजेची तार. जलाशयाच्या काठाने शेतकऱ्यांच्या मोटारी असतात आणि त्यांच्या तारा ठिकठिकाणी खाली लोंबतात. फ्लाय रॉड कार्बनची असते, कार्बनमधून वीज वाहते, आणि नऊ फुटांची काठी हातात उंच धरली तर टोक कुठवर जातं याचा अंदाज राहत नाही. जागेवर पोहोचल्यावर सर्वांत आधी वर बघा. वीज कडाडत असेल तर काठीचे तुकडे सुटे करून गाडीत ठेवा. दुसरा, गाळ. गाळपेराची काळी माती वरून वाळून भेगाळलेली दिसते आणि खाली मांडीपर्यंत ओली असते. पुढे बांबूची काठी टेकवत चाला, दोघांनी एकाच वेळी नव्या जागेवर पाय टाकू नका, आणि छातीला जीवरक्षक जॅकेट असू द्या. तिसरा, वाढणारं पाणी. येलदरीला २२.५ मेगावॉटचं जलविद्युत केंद्र आहे. ते सुरू झालं की खालच्या पात्रात पाणी एकाएकी वाढतं. त्यामुळे नदीपात्रातल्या खडकांवर उभं राहण्यापेक्षा जलाशयाचा पसरट काठ बरा. धरणाची भिंत, सांडवा आणि दारांच्या आसपासची जागा पूर्ण वर्ज्य. गवतात घोणस असते, म्हणून बूट घोट्याच्या वरचे घाला. गळ डोळ्याला लागला तर तो ओढू नका. डोळ्यावर दाब न पडेल असं झाकून थेट रुग्णालय गाठा.

तिलापियाच्या पाठीचा पंखा टोकदार असतो. ओल्या हाताने डोक्याकडून मागे हात फिरवत पंख दाबून धरा. शिंगटा लागला तर आणखी जपा, त्याचे बाजूचे काटे खोल जातात आणि ठणका लागतो. तिलापिया परत सोडायची गरज नाही. तो देशी माशांची जागा खातो, आणि पाव-अर्धा किलोचा मासा चिरे देऊन, हळद-मीठ आणि येसर लावून तळला तर घरी सर्वांना आवडतो. रोहू, कटला चुकून लागला तर तो संस्थेचा माल समजून लगेच सोडा किंवा त्यांच्या नियमाप्रमाणे वजन करून पैसे द्या. बारीक मरळ सोडून द्यावी. कोणी सुरुंग किंवा विष वापरताना दिसलं तर संस्थेला कळवा. १८९७ सालच्या कायद्यापासून ते गुन्हा आहे. तुटलेल्या तंगुसाचा तुकडा काठावर टाकू नका. पाणपक्ष्यांच्या पायात तो अडकतो आणि पक्षी मरतो.

आणि खरा ट्राउट? एक हंगाम इथे हात बसला की दोघांनी जरूर जावं. स्कॉटलंडहून आणलेला ब्राऊन ट्राउट १९००च्या सुमाराला काश्मीरमध्ये स्थिरावला, १९०९ साली कुलू खोऱ्यात पोहोचला. निलगिरी आणि मुन्नारच्या उंच ओढ्यांत रेनबो ट्राउट आहे. नवख्यांना मी हिमाचलमधली तीर्थन नदी सुचवेन. तिथे १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते. म्हणजे तिकडे बंदी असते ते चार महिने आपला सिद्धेश्वरचा हंगाम, आणि मार्चनंतर तिकडे जाता येतं. जुलै-ऑगस्टात वितळलेल्या बर्फाने आणि पावसाने नद्या गढूळ होतात, तेव्हा एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा शेवट धरा. दिवसाचा परवाना हिमाचलच्या मत्स्य विभागाकडून मिळतो.

तिथे गेल्यावर एक सवय मोडावी लागेल. जलाशयावर माशी आपण हलवतो, नदीत ती पाण्याने न्यायची असते. प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेका आणि माशी खाली येताना दोरी इतकीच गोळा करा की ती माशीला ओढणार नाही. पाणी गुडघ्याच्या वर असेल तिथे दोघांनी एकमेकांच्या खांद्याला धरून, प्रवाहाकडे कूस करून ओलांडा, आणि तळव्याला फेल्ट लावलेले बूट तिथेच भाड्याने मिळतात का ते आधी फोन करून विचारा.